मात्रेचे त्रैराशिक



पनवेलास भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण एका निवृत्त मेट्रनकडे सोपविलेत, त्याबद्दल रीतीप्रमाणे आभार मानून मी लगेच विषयाकडे वळते. कारण औषधाच्या मात्रेचे गणित उदाहरणांखेरीज कोणाला समजल्याचे मी पाहिलेले नाही, आणि प्रास्ताविक लांबले की कात्री उदाहरणांनाच लागते. शिवाय ज्या गावात १८७२ साली धूतपापेश्वरचा औषधी कारखाना सुरू झाला, त्या गावाला गुंज आणि मासा यांतली तफावत मी समजावून सांगावी, अशी काही स्थिती नाही.

आपल्या प्रत्येकीच्या वहीत एक सूत्र चौकटीत लिहिलेले असते: हवी असलेली मात्रा भागिले हाती असलेली मात्रा, गुणिले द्रवाचे माप. हे सूत्र औषधांबरोबरच विलायतेहून आले, असा पुष्कळांचा ग्रह दिसतो. वस्तुतः भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त जी त्रैराशिकाची रीत दिली, तीच ही: इच्छेला फलाने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. पातळ औषधाच्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे छापले असेल आणि बालकाला १५० मिलिग्रॅम द्यावयाचे असतील, तर २५० हे प्रमाण, ५ हे फल, १५० ही इच्छा आणि ३ मिलिलिटर हे उत्तर. पावकी-निमकी घोकलेल्या आमच्या पिढीला यात अवघड असे काही वाटत नसे, आणि ज्यांनी ती घोकली नाही त्यांच्याजवळ आज यंत्र आहे. माझी तक्रार निराळीच आहे. त्रैराशिक मांडण्यापूर्वी कोणती राशी कोणत्या राशीच्या प्रमाणात वाढते हे ठरवावे लागते, आणि नेमके तेवढेच आम्ही शिकवावयाचे सोडून देतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यातली दोन उदाहरणे घ्या. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाने हृदयावर काय आघात होतो याच्या नोंदी चिकाटीने केल्या. रक्तदाबावर देत असत ते प्राझोसिन या दंशावर उपयोगी पडते, हे त्यांचे संशोधन १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि कोकणातल्या कित्येक घरांतली मुले त्यामुळे वाचली. या औषधाची बालकांसाठीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. मूल १२ किलोचे असेल तर ३६० मायक्रोग्रॅम झाले. साधी १ मिलिग्रॅमची गोळी वाटून १० मिलिलिटर पाण्यात कालवली, तर दर मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम पडतात, म्हणून नीट ढवळून ३.६ मिलिलिटर द्यावयाचे. (गोळी सावकाश विरघळणाऱ्या जातीची असेल तर ती वाटता येत नाही, ही गोष्ट गणितात नसते, वेष्टनावर असते.) येथे आधार मुलाचे वजन हा आहे, आणि त्रैराशिक चोख चालते.

आता तेच १२ किलोचे मूल घोणस चावून शेजारच्या खाटेवर आले, असे समजा. विंचवाच्या हिशेबाची सवय झालेली विद्यार्थिनी प्रतिसर्पविषाची मात्राही वजनाच्या प्रमाणात उतरवावयास निघेल, आणि तिचा गुणाकार-भागाकार निर्दोष असूनही मूल दगावेल. घोणस दंश करताना समोरच्याचे वजन पाहत नाही. ती सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, मग पाय बैलासारख्या गड्याचा असो की पोराचा. प्रतिसर्पविषाच्या १ मिलिलिटरने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी होते. १० मिलिलिटरच्या एका व्हायलने ६ मिलिग्रॅम. म्हणून आरंभीच सुमारे १० व्हायल, मोठ्यांना तितक्याच आणि लहानांनाही तितक्याच. त्रैराशिक येथेही आहेच. मात्र त्याचा आधार विष हा आहे, रोगी नव्हे. वजनाचा विचार करावयाचा तो फक्त कितीशा सलाईनमध्ये ते मिसळावे, एवढ्यापुरता.

याहून नित्याची, आणि म्हणूनच अधिक घातक, अशी चूक पॅरासिटामॉलची आहे. १० किलोच्या बालकाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतले ६ मिलिलिटर. परंतु थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, तीतून दीड मिलिलिटरच पुरे. ‘सहा द्या’ हा तोंडी हुकूम आणि हाती आलेली थेंबांची बाटली यांची गाठ पडली, की चौपट मात्रा पोटात जाते. इन्सुलिनमध्ये तर परिचारिकेला आकडेमोडही करावी लागत नाही, कारण ती सिरिंजवरच्या रेघांनी आधीच करून ठेवलेली असते. आणि ४० युनिटांच्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० युनिटांचे इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरले, तर ते ५० युनिट होते.

अशा वेळी परिचारिकेने विचारावे की विचारू नये, हा प्रश्न आमच्या तरुणपणी शिस्तीचा मानला जाई. डॉक्टरांच्या अक्षराविषयी शंका काढणे म्हणजे अमर्याद वर्तन. मला तो दंडक तेव्हाही मान्य नव्हता. औषध लिहिणारा, देणारा आणि घेणारा यांच्या साखळीत सिरिंज जिच्या हाती असते तिच्यानंतर तपासणारे कोणीच उरत नाही. सबब ‘साहेब, हे मिलिग्रॅम की मिलिलिटर?’ असे विचारणे हा तिचा अखत्यार आहे, आणि तो तिला लेखी मिळाला पाहिजे.

म्हणून या परिषदेपुढे माझी एकच सूचना आहे. मात्रेच्या गणिताची परीक्षा निव्वळ कागदावर घेऊ नये. टेबलावर दोन जातींच्या सिरिंज, थेंबांची आणि साधी अशा दोन्ही बाटल्या, प्राझोसिनची गोळी आणि प्रतिसर्पविषाची रिकामी व्हायल ठेवावी. एका उदाहरणात मुद्दाम वजन द्यावे व त्याचा उपयोग नसावा, दुसऱ्यात वजन मुद्दाम वगळावे आणि ते मागून घेणाऱ्या विद्यार्थिनीला पुरे गुण द्यावेत. दुपारच्या सत्रात हा ठराव चर्चेस येईल, तेव्हा अध्यापकांनी खर्चाची अडचण पुढे करण्यापूर्वी आपापल्या वॉर्डात दररोज किती रिकाम्या व्हायल टाकल्या जातात ते मोजून यावे, ही विनंती.