भोकरवाडीला कुठून जायचं?



आमच्या बावड्याहून दक्षिणेला निघालं आणि नीरा ओलांडली, की अकलूज लागतं. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरहून बावड्यावरून सराटीला मुक्कामाला जाते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि पालखी अकलुजात शिरते. त्या अकलुजात १९२७ साली विनोदी कथाकार द. मा. मिरासदार जन्मले. पुढे वाढले पंढरपुरात. म्हणजे ज्या वाटेनं आमच्या दिंड्या चालतात, त्याच वाटेवरचा हा माणूस. त्यांनी कल्पनेतून एक गाव वसवलं, भोकरवाडी. तिथे गणामास्तर राहतो, नाना चेंगट राहतो, बाबू पैलवान राहतो, शिवा जमदाडे राहतो. एका गोष्टीत भेटलेली ही मंडळी दुसऱ्या गोष्टीत पुन्हा भेटतात. वर्षानुवर्षं मिरासदार त्या गावाकडे परत जात राहिले, आणि मराठी वाचकही त्यांच्यामागून गेला.

आज मला बोलायचं आहे ते या गावात शिरण्याबद्दल. एखाद्या लेखकाचं असं लांबलचक, हसवणारं, कल्पनेतलं जग असतं. पुस्तकामागून पुस्तक निघालेलं असतं. नव्या वाचकानं त्यात पहिलं पाऊल कुठे टाकायचं? शाळेत मी सदतीस वर्षं शिकवलं, आता गावातल्या वाचनालयात दर रविवारी मुलांबरोबर बसतो. हा प्रश्न मला जवळजवळ दर रविवारी भेटतो.

पालकांचं उत्तर ठरलेलं असतं. पहिल्या भागापासून. पहिलं पुस्तक आधी, मग दुसरं, मग तिसरं. ऐकायला बरोबर वाटतं. पण आपल्यापैकी कोण, कुठल्या मोठ्या ग्रंथात असा शिरला? नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय आहेत. पारायणाला बसणारा ते पहिल्यापासून क्रमानं वाचतो, हे खरं. पण आपल्याला मच्छिंद्रनाथ पहिल्यांदा भेटले ते शेजारच्या घरातून ऐकू येणाऱ्या कुठल्यातरी मधल्याच अध्यायात. रामायण-महाभारत आपल्याला आजीनं सांगितलं, कीर्तनकारानं सांगितलं, आणि त्यांनी आख्यान निवडलं ते त्या दिवसाला साजेसं. कुणी आदिपर्वापासून धरलं नाही. ‘चांदोबा’ हे मुलांचं मासिक मराठीत १९५२ साली आलं. त्यातला विक्रम-वेताळ किती पिढ्यांनी वाचला! पण पहिला अंक हातात घेऊन सुरुवात केलेला वाचक मला तरी अजून भेटलेला नाही. ज्याच्या हाती ज्या महिन्याचा अंक लागला, तिथून तो सुरू झाला. राजानं झाडावरून प्रेत उतरवलं, खांद्यावर घेतलं आणि चालू लागला, एवढं समजलं की झालं. मागे काय घडलं, ते वाचता वाचता उमजतं.

इंग्रजीत टेरी प्रॅचेट नावाचे लेखक होऊन गेले. १९८३ पासून २०१५ पर्यंत त्यांनी एकाच काल्पनिक जगावर ४१ कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या हसवणाऱ्या. त्यांचं जग ताटासारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे, आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. परदेशातल्या वाचकाला हे मोठं नवल वाटत असेल. आपल्याला कासव नवं नाही. देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असतंच. हजारो पायांनी आणि हातांनी त्याची पाठ गुळगुळीत झालेली असते. आपण वाकून तिला हात लावतो आणि पुढे जातो. पृथ्वी पेलणारे दिग्गज आणि कूर्म आपल्या आज्यांनी आपल्याला अंगणात झोपताना सांगितलेत. तर या ४१ पुस्तकांचे जुने वाचक नव्या वाचकाला काय सांगतात? बहुतेक जण सांगतात की पहिल्यापासून सुरू करू नको. कुणी म्हणतं, मृत्यूच्या हाताखाली कामाला लागलेल्या पोराची गोष्ट आधी घे. कुणी म्हणतं, शहराच्या रात्रीच्या पहारेकऱ्यांपासून चालू लाग. लेखकाचा हात पुढच्या पुस्तकांत बसला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पहिलं पुस्तक हे बहुतेकदा लेखकानं स्वतः वाट शोधताना लिहिलेलं असतं.

आपल्याकडे आणखी एक दार आहे, कानाचं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या तिघांनी साठच्या दशकात कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले आणि गावोगाव नेले. त्याआधी छापलेली कथा ही बहुतेक एकट्यानं वाचायची गोष्ट होती. या तिघांनी ती हजार माणसांना एकदम ऐकवली. माझी मिरासदारांशी ओळख अशीच कानानं झाली. गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या लाउडस्पीकरवर आरतीनंतर कुणीतरी कॅसेट लावली, आणि आवाज आला मिरासदारांचा. मी नववीत होतो, उसाला पाणी धरायला निघालो होतो. खांद्यावर खोरं तसंच ठेवून मांडवाच्या बांबूला टेकून उभा राहिलो. ते सांगताना घाई करत नसत. वाक्य सरळ चेहऱ्यानं टाकत आणि थांबत. त्या थांबण्यात मांडव हसत असे. पुस्तक माझ्या हाती आलं त्यानंतर दोन वर्षांनी. पण वाचताना तोच आवाज, तेच थांबणं कानात होतं. म्हणून आजही मी मुलांना विनोदी पुस्तक नुसतं हातात देत नाही. आधी एक पान मोठ्यानं वाचतो. विनोद वाचायची एक चाल असते, ती आधी कानावर पडावी लागते.

कधी हे काम पडदा करतो. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकांत आले ते १९३० च्या दशकात. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे त्या भूमिकांत दिसले, आणि कितीतरी घरांतून मुलं वाचनालयात जाऊन ती पुस्तकं मागू लागली. पुस्तकांतल्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेचंही तसंच झालं. मालिका पाहून पुस्तकाकडे आलेला वाचक कमी प्रतीचा, असं काही लोक मानतात. मला ते मुळीच मान्य नाही. आत आला ना, मग पुरे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. सातवीतली एक मुलगी कपाटापुढे उभी होती. आमच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं पुठ्ठ्याच्या बांधणीत आहेत, वर खाकी कागद, पाठीवर शाईनं लिहिलेला क्रमांक. नाव दिसत नाही, उघडून बघावं लागतं. तिनं एक उघडलं आणि हसली. पुस्तक होतं ‘भोकरवाडीतील रसवंतीगृह’. तिच्या काकांची अकलूज रस्त्याला रसवंती आहे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज ती रोज ऐकते. पुस्तकाच्या नावात रसवंती येऊ शकते, हेच तिला पहिल्यांदा कळलं. बांधणी करताना सुरुवातीची पानं गेली होती. मी म्हटलं, "बाळ, याची पहिली पानं नाहीत." ती म्हणाली, "चालतंय की, सर." घेऊन गेली.

पुढच्या रविवारी आली ती प्रश्न घेऊनच. "सर, हा नाना चेंगट आणखी कुठल्या पुस्तकात आहे?"

श्रोतेहो, तिनं असं विचारलं, त्याच क्षणी मला कळलं की पोरगी भोकरवाडीत शिरली. तिनं क्रम विचारला नाही, लेखकाचं चरित्र विचारलं नाही. तिला माणूस पुन्हा भेटायला हवा होता. मी तिला ‘भोकरवाडीच्या गोष्टी’ शोधून दिलं, आणि त्यानंतर ‘मिरासदारी’. भोकरवाडीत मिरासदार कुणाची वेगळी ओळख करून देत बसत नाहीत. माणसं बोलायला लागतात आणि त्यांच्या बोलण्यातून कळत जातात, जशी एखाद्या नव्या गावच्या पारावरची माणसं दोन-चार संध्याकाळी बसल्यावर कळतात. त्यामुळे तिथे उशिरा पोचणाऱ्याचं काही अडत नाही. पार प्रत्येकाला जागा करून देतो.

मात्र एक काळजी घ्यावी. पहिली गोष्ट आपल्या आवडीची देऊ नये, मुलाच्या ओळखीची द्यावी. ज्याच्या घरी तालीम आहे त्याला बाबू पैलवानाची, रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला ‘भुताचा जन्म’. ती भोकरवाडीची असो वा नसो, हात मिरासदारांचाच आहे. आणि गोष्ट संपल्यावर "काय शिकलास?" असं मुळीच विचारू नये. या एका प्रश्नानं किती मुलांची पुस्तकं मिटली, ते मी वर्गात उभं राहून पाहिलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तो प्रश्न विचारत होतो, याचं मला आज वाईट वाटतं.

मिरासदार २ ऑक्टोबर २०२१ ला गेले. त्यांची पुस्तकं आपल्या भागात घरोघरी आहेत, माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात. बावडा, सराटी, नीरा-नरसिंहपूर, अकलूज, जिथे कुठे तुम्ही मला ऐकत असाल, तिथल्या आपल्या गावच्या वाचनालयात ती आणून द्या. पहिली पानं गेलेली असली तरी चालतील.