चेहऱ्यावरचे वय आणि अंगातले वय



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘उतारवयातील आरोग्य’ हा विषय आमच्या गळ्यात घातला, तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, ‘अहो, आम्ही हमालांची युनियन चालवणारे. सातवीपर्यंत शिकलेले. आम्ही काय सांगणार?’ ते म्हणाले, ‘डॉक्टर दरवर्षी सांगतात. या वर्षी कामगाराने सांगावे.’ तेव्हा आमच्या बोलण्यात जे चुकेल ते डॉक्टरमंडळींनी सुधारून घ्यावे.

तुमच्या गावी देव अंतरिक्ष आहे. त्या मूर्तीचा भार जमिनीवर नाही, अशी श्रद्धा बाळगून लांबलांबून माणसे येतात. पण दर्शनाला येणाऱ्या माणसाचा सगळा भार त्याच्या दोन गुडघ्यांवर असतो. आजचा विषय त्या गुडघ्यांचा आहे.

मात्र सुरुवात चेहऱ्यापासून करू. आजकाल मोबाईलवर चेहऱ्याचे व्यायाम दाखवतात. गाल फुगवा, ओठ ताणा, डोळे घट्ट मिटून उघडा, दहा वर्षांनी तरुण दिसा! आमच्या घरीच आरशासमोर हा कार्यक्रम चालतो. आम्ही आधी हसलो. मग मनात आले, न तपासता हसणे हेही अडाणीपणच. म्हणून शोध घेतला.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रियांना चेहऱ्याचे व्यायाम शिकवले. पहिले ८ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढे २० व्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड. शेवटपर्यंत टिकल्या १६. त्यांचे फोटो त्वचेच्या डॉक्टरांना दाखवले, तेव्हा गाल थोडे भरलेले दिसले आणि दिसणारे वय सरासरी ५१ वरून ४८ च्या आसपास आले. म्हणजे गोष्ट अगदीच खोटी नाही. पण माणसे मूठभर, त्यांतल्या ११ मध्येच गेल्या, आणि व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना केलेलीच नव्हती. एवढ्या पुराव्यावर आम्ही संपाची नोटीससुद्धा देणार नाही!

पाच महिने रोजचा किंवा दिवसाआडचा अर्धा तास खर्चून तीन वर्षांनी लहान दिसता येते, असे धरून चालू. करावे की नाही? ज्याला हौस आहे त्याने खुशाल करावे, त्यात पैसा लागत नाही. पण चेहरा ही कारखान्याची नोटीसफळी आहे. फळी पुसून आतला निर्णय बदलत नाही. निर्णय होतो तो पायांत, पाठीत, छातीत आणि झोपेत.

याचा पुरावा कामगारांमधूनच मिळाला आहे. लंडनमध्ये डॉक्टर जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांची पाहणी केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. गाडी एक, धूर एक, पण हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त आणि कंडक्टरांत कमी. चालणे आणि चढणे हे औषध आहे, हे जगाला दोन कामगारांच्या तुलनेने शिकवले. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर महर्षी धोंडो केशव कर्वे घ्या. हिंगण्याच्या आश्रमातून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पायी जात आणि पायीच परतत. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ पर्यंत ते हयात होते. नुसते चालून कोणी शंभर वर्षे जगतो असे आम्ही म्हणत नाही. पण चालण्याने त्यांचे काही बिघडले नाही, एवढे तरी खरे!

इथे एखादा विचारील, ‘मग तुमचे हमाल तर दिवसभर चालतात, उचलतात. ते पंचेचाळिशीत म्हातारे का दिसतात?’ प्रश्न रास्त आहे. ओझे हा व्यायाम नव्हे. व्यायाम माणूस आपल्या मर्जीने करतो आणि थकला की थांबतो. ओझे मुकादमाच्या मर्जीने चालते. आमच्या उमेदीत पाठीवर क्विंटलचे पोते असे. प्रौढ पुरुषाला ५५ किलोंहून जास्त ओझे देऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची शिफारस १९६७ पासून आहे. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला. पण कायदा कागदावरून पाठीपर्यंत यायला फार वेळ लागतो, आणि मधल्या काळात मणका झिजतो.

आता चेहऱ्याच्या व्यायामाची खरी जागा कोणती, ते सांगतो.

आमचा एक सोबती होता. पोते उचलण्यात पहिला, हसण्यात पहिला. कामाच्या धावपळीत भूक मारायला खर्रा. आम्हीही खात होतो, वीस वर्षे खाल्ला, हे या व्यासपीठावरून कबूल करतो. एके दिवशी जेवताना त्याने भाकरीचा घास केला आणि घास तोंडात जाईना. तोंड एका बोटाइतकेच उघडत होते. आम्हाला वाटले, दाढ दुखत असेल. तो भाकरी वरणात कुस्करून, पातळ करून खाऊ लागला, तरी आम्ही त्याला दवाखान्यात नेले नाही. नेले तेव्हा गालात कर्करोग निघाला. तो गेला. आम्ही त्या दिवसापासून खर्रा सोडला, पण तो परत आला नाही.

सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते. नुसती सुपारीही कर्करोग करते, तंबाखूची वाट पाहत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. म्हणून आत्ता, इथेच, प्रत्येकाने आपली तीन बोटे जोडून उभी धरावीत आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये बसतात का पाहावे. हसू नका. ज्याची बसत नाहीत त्याने घरी जाताना खर्ऱ्याची पुडी फेकून द्यावी आणि या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवावे. ते औषधाबरोबर तोंड उघडण्याचा व्यायाम देतात. दातांत आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. हा चेहऱ्याचा व्यायाम घास परत मिळवून देतो. सुरकुतीपेक्षा घास मोठा.

दुसरी जागा आरशाची. रोज सकाळी आरशात एकदा हसावे. एकाएकी तोंड एका बाजूला ओघळले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजावा. तेव्हा व्यायाम नको, मालीश नको, अंगारा नको. गाडी काढावी आणि मोठे दवाखाने गाठावे. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच चालते. मेंदूचा फोटो काढून डॉक्टर ते ठरवतात. तोंडाची कवायत शिकवतात ती नंतर, गिळणे आणि बोलणे सुधारावे म्हणून.

बाकीच्या सवयी थोडक्यात. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे. दोन दिवस ताकदीचे काम, म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहादा उठणे-बसणे. पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचा सराव, भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे. म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळे. मीठ दिवसाला चमचाभराहून कमी, म्हणजे लोणचे-पापड बेताने. वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासणे. आणि पुरती झोप.

झोप म्हटले की आमची युनियन आठवते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. आम्ही म्हणतो, ती आरोग्याची पहिली मोठी सवय होती. ती व्यायामशाळेत नव्हे, सभेत मिळाली. ज्याला सुटी नाही, त्याला सवयी सांगणे ही थट्टा आहे.

म्हणून आमचे मागणे दोन. व्यापारी बंधूंनी आपल्या दारचे पोते हलके करावे आणि हमालाला दुपारी तासभर पाठ टेकू द्यावी. आणि हमाल बंधूंनी त्या तासात खर्रा घोटू नये. एवढे झाले तर पुढच्या वसंतात याच मांडवात आपण एकमेकांना पाहू, तेव्हा सुरकुत्या मोजणार नाही. कोण कोण आले आहे, ते मोजू.