पट्टी कोणाची?

 जे ख्रिस्ती बंधुभगिनी आत्ता चर्चला निघण्याच्या गडबडीत एका कानाने हे ऐकत असतील, त्यांना जय ख्रिस्त. इस्त्री चालू असेल तर चालू द्या. माझं बोलणं हातातलं काम न थांबवता ऐकण्यासारखंच आहे.

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत मी बरीच वर्षं पेटी वाजवली. पेटीवाल्याच्या हाती एक छोटी सत्ता असते, ती बाहेरून दिसत नाही. गीताचा क्रमांक पाळकसाहेब सांगतात, पण ते कोणत्या पट्टीत गायचं हे पेटीवाला ठरवतो. मी तरुण होतो, गळा बरा होता, नुकताच एका गुरुजींकडे गाणं शिकायला जाऊ लागलो होतो. एका रविवारी मी नेहमीची काळी एक सोडली आणि तिच्याहून उंच काळी तीन धरली. अंतऱ्यात सूर वरच्या षड्जावर जातो, तिथे माझा आवाज असा काही लागला की मलाच भरून आलं. पहिल्या कडव्याला निम्मी मंडळी गात होती. दुसऱ्याला दहा-पंधरा जण उरले. शेवटच्या कडव्याला मी आणि तबलजी, आणि तबलजी काही गात नव्हता. उपासना सुटल्यावर दाराशी एका आजींनी माझा हात धरला. मला वाटलं, आता कौतुक होणार. त्या म्हणाल्या, "लई गोड गायलास बाबा. आज आम्ही ऐकलं."

त्यांच्या त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ घरी पोचून जेवायला बसलो तेव्हा कळला, आणि मग जेवण गेलं नाही.

ख्रिस्ती लोकांनी एकत्र जमून उपासना कशी करावी, असा विषय मला दिला आहे. यावर बोलणारे बहुधा वेळेवर या, मोबाईल बंद ठेवा, मुलांना गप्प बसवा, इथपासून सुरुवात करतात. (मुलांना गप्प बसवण्याच्या मी विरुद्ध आहे, पण ते असो.) मला या विषयाचं मूळ करिंथात दिसतं. करिंथ हे ग्रीसमधलं, दोन बाजूंना दोन बंदरं असलेलं व्यापारी शहर. तिथल्या लहानशा मंडळीला पौल या प्रेषिताने इसवी सन ५५च्या सुमारास एक पत्र लिहिलं. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. ज्याचं घर मोठं त्याच्या घरी जमायचं, एकत्र जेवायचं आणि त्या जेवणातच प्रभूच्या मरणाची आठवण करायची. पण तिथे घडत होतं भलतंच. काही जण आपापलं आधीच जेवून घेत. एक उपाशी, तर दुसरा पिऊन तर्र. ज्यांचा दिवस आपल्या हातात नसतो, ते मजूर आणि गुलाम कामावरून सुटून येईपर्यंत भांडी रिकामी झालेली असावीत. पौल चिडला. हे प्रभूचं भोजनच नव्हे, असं त्याने लिहिलं. आणि एवढा राग करून त्याने सांगितलेला उपाय किती साधा! जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आपल्याकडे पंगतीत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या पानावर वरण पडेपर्यंत पहिल्या पानावरचा माणूस भात कालवत नाही. पण आपली पंगत कोणाकोणासाठी थांबत होती आणि कोणाची पानं अंगणात, कोणाची वेशीबाहेर मांडत होती, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून करिंथच्या लोकांना नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असतील. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्यांचं सोवळं-ओवळं चालूच होतं. मग एकदा त्यांनी स्वतःशीच वाद घातला की माणूस देवाने केला, पण ही जात कोणी केली? त्या वादात सोवळं हरलं, आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. शेजारच्या माणसाच्या हातचं पाणी आधी घेतलं, बाप्तिस्मा नंतर. आपल्यातले कित्येक जण बाप्तिस्मा तान्हेपणीच घेतात आणि त्या पाण्यापर्यंत पोचतच नाहीत.

करिंथच्या त्याच पत्रात पुढे, चौदाव्या अध्यायात, पौल आणखी एक मुद्दा काढतो. मंडळीत काही जण आत्म्याच्या आवेशात अनोळखी भाषांत प्रार्थना करत असत. पौल त्यांना खोटं ठरवत नाही. तो एवढंच विचारतो की तुझ्या शेजारी बसलेल्या साध्या माणसाला तू काय म्हणतोस हे कळलंच नाही, तर तुझ्या उपकारस्तुतीला तो आमेन कसा म्हणणार? मी हा प्रश्न वाचला तेव्हा मला आजींचं वाक्य आठवलं. प्रार्थना करणाऱ्याची प्रार्थना पूर्ण होते ती दुसऱ्याच्या तोंडून. आमेन स्वतःच म्हणून घेतलं तर ते स्वतःच्या भाषणाला स्वतःच टाळी देण्यासारखं.

या आमेनसाठी आपल्या भाषेत केवढी खटपट झाली आहे! इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती. मग आम्ही ऐकायचं काय, ही त्यांची तक्रार 'क्रिस्तपुराणा'च्या निर्मितीमागे आहे. १६१६ मध्ये राचोलला ते मराठीत छापलं गेलं, जवळजवळ ११,००० ओव्यांचं. देवळात माणसं ते ऐकत, आणि ते त्यांना कळत होतं. पण खुद्द मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्येच राहिली. वसईच्या बाजूला पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वस्ती आहे. तिथल्या कितीतरी पिढ्यांच्या आयाबायांनी वेदीवरून लॅटिन चालू असताना रोझरीचे मणी ओढले. त्यांची भक्ती कमी होती असं मी मुळीच म्हणणार नाही. ती वेदीवरच्या शब्दांच्या शेजारून वाहत होती, इतकंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज काढला, लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि जमलेल्या लोकांनी उपासनेत मनापासून भाग घ्यावा असा आग्रह धरला. तेव्हा कुठे वेदीवरचं बोलणं वसईत घरच्यासारखं ऐकू येऊ लागलं.

आम्हा प्रॉटेस्टंटांना भाषा पहिल्यापासून मराठी मिळाली, पण चाल इंग्रजी. मराठी शब्द परक्या वृत्तात कोंबलेले. ऱ्हस्व लांबवायचं, दीर्घ आखडायचं आणि चेहरा मात्र भक्तीचा ठेवायचा. नगरकडचे कृष्णराव सांगळे आणि पुढे टिळक यांनी भजन, अभंग, कीर्तन चर्चमध्ये आणलं, ते आपल्या संस्कृतीचा झेंडा रोवायचा म्हणून आणलं असं मला वाटत नाही. अभंगाला वाचता न येणारी बाईसुद्धा साथ करू शकते. कीर्तनकार एक चरण म्हणतो, मागचे टाळकरी तो उचलतात, मग समोर बसलेले उचलतात. चरण उचलण्याची ती सोयच मला आमेनसारखी वाटते. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकात टिळकांची दोनशेहून अधिक गीतं आहेत. पुष्कळ घरांत ती पाठ असतात आणि पुस्तक नुसतं हातात धरायला असतं.

आता गिटार आले, ड्रम आले, भिंतीवर शब्द दाखवणारा पडदा आला. माझ्या वयाच्या माणसाने यावर नाक मुरडावं अशी अपेक्षा असते. मी मुरडत नाही. टिळकांच्या काळातही टाळ-मृदंगावर नाकं मुरडणारे होतेच. माझी तक्रार आवाजाच्या बटणाबद्दल आहे. स्पीकर इतका मोठा की शेजारच्या बाकावरच्या माणसाचा आवाज सोडा, माझा मलाच ऐकू येत नाही, तेव्हा मी गातो की नुसते ओठ हलवतो याने कोणाला काही फरक पडत नाही. मग ती माझी जुनी काळी तीनच झाली, फक्त विजेवर चालणारी.

दुसरी तक्रार शालीची. उपासनेच्या मध्येच प्रमुख पाहुणे येतात, पुढच्या राखीव खुर्चीवर बसतात, मग शाल, श्रीफळ, दोन शब्द. त्या दोन शब्दांची लांबी तुम्हाला ठाऊक आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला तू तिकडे उभा राहा, असं मंडळीत चालतं म्हणून याकोबाने आपल्या पत्रात झाडलं होतं. आमच्याकडे याकोबाचं ते पत्र वाचूनही झालं आणि लगेच पुढच्या रांगेत खुर्चीही सरकवून झाली, असं मी एकाच सकाळी पाहिलेलं आहे.

मंडळीत कोणाला बोलू दिलं जातं, याचा विचार आला की मला केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. पौलाने तर एकामागून एक बोला, क्रमाने बोला, असं सांगितलं आहे. केडगाव त्यात बसतं का? मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या मुली कोण होत्या? कित्येक जणी १८९६ ते १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या, कित्येक बालविधवा. तू बोल, असं त्यांना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. त्या प्रार्थनेत गाणारा एक आणि ऐकणारे शंभर असा प्रकार नव्हता, एवढं मी सांगू शकतो. आणि त्याच रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या. ओरडून झालेली प्रार्थना आणि शब्द निवडत केलेलं भाषांतर, दोन्ही एकाच अंगणातली.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चला कुलुपं लागली तेव्हा आम्ही मोबाईलवर जमलो. एक गंमत लक्षात आली का तुमच्या? त्यावर सगळं करता येतं. शास्त्रपाठ होतो, संदेश होतो, प्रार्थना होते. फक्त एकत्र गाता येत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो आणि दोन ओळींतच बाजार होतो. शेवटी सगळ्यांचे आवाज बंद करून एकालाच गायला सांगावं लागलं. घरात भरपूर ऐकू येत होतं. पण पहिल्यांदा चर्च उघडलं त्या रविवारी, तोंडाला मास्क बांधून, दोन बाकांचं अंतर ठेवून, लोक काय बेसूर गायले! मी पेटीवरची बोटं चुकलो तरी कोणाला कळलं नाही.

एकत्र जमण्याची ही ओढ जुनी आहे. करिंथच्या पत्राला शंभर वर्षं झाल्यावर, सुमारे १५५ साली, रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून लिहिताना, आम्ही रविवारी जमून करतो तरी काय, ते सांगितलं. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका ठिकाणी येतात. वेळ असेल तितकं वाचन होतं. प्रमुख बोध करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि द्राक्षारस यांवर उपकारस्तुती होते आणि लोक आमेन म्हणतात. मग जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डिकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांचा वाटा घेऊन जातात. ज्याला ऐपत आहे तो आपल्या खुशीने देतो, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावचे यांची सोय होते. सम्राटाला यातलं काय पटलं असेल कोण जाणे. मी मात्र त्या आमेनपाशी आणि त्या डिकनपाशी थांबतो. जो आलाच नाही त्याच्यासाठीसुद्धा हे लोक थांबले होते. आजही आमचे पाळक अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे प्रभुभोजन घेऊन जातात, तेव्हा ती पिशवी हातात धरून मी दोन-चारदा बरोबर गेलो आहे. खाटेवरच्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो, आज गीतं कोणती झाली?

भांडणाबद्दलही बोलायला हवं, पण वेळ सरत आला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभूने डोंगरावर शिकवलं. कमिटीच्या भांडणापायी कोर्टात समोरासमोर उभे राहणारे रविवारी एकाच मेजाकडे हात पुढे करतात. माझ्या आयुष्यात अर्पण खाली ठेवून बाहेर गेलेला एकच माणूस मी पाहिला. त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं, त्याला बरं वाटत नसेल.

माझी ती काळी तीनची गोष्ट अर्धीच राहिली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमकं तेच गीत सांगितलं. मी काळी एक धरली आणि लयही जरा खाली ठेवली. आजी तिसऱ्या बाकावर होत्या. त्यांचं गाणं कायम अर्धी ओळ मागून यायचं. सगळ्या मंडळीचं कडवं संपलं की त्यांचे दोन शब्द उरायचे, आणि इतकी वर्षं मी त्या दोन शब्दांवर भाता बंद करून मोकळा होत आलो होतो. त्या दिवशी शेवटचं कडवं संपलं, तबला थांबला, लोक बसू लागले. मी डाव्या हाताने भाता हलवत राहिलो, आजींचे दोन शब्द संपेपर्यंत.