रेघेतला माणूस, हाडामांसाचा माणूस
(वसंत व्याख्यानमाला, नाशिक : व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पत्रिकेत छापून आल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारलं, "वसंत व्याख्यानमालेत कोरियन मालिका? एवढी वेळ आली का?" मी म्हटलं, वेळ आली नाही, येऊन गेली. तुमच्या घरातली नात रात्री इअरफोन लावून जे बघते, ते बहुतेक वेळा आधी कुणीतरी काढलेलं असतं. 'ट्रू ब्यूटी', 'इटेवॉन क्लास', 'स्वीट होम', 'मूव्हिंग' या सगळ्या मालिका आधी चित्रकथा होत्या. कोरियात त्यांना वेबटून म्हणतात. पान उलटायचं नाही, मोबाइलच्या पडद्यावर बोटाने वर सरकवत राहायचं आणि गोष्ट खालून वर येत राहते. 2003 मध्ये कांग फुल नावाच्या चित्रकाराने एक लांबलचक प्रेमकथा या पद्धतीने प्रसिद्ध केली आणि तिथून ही रीत रुजली.

मालिका आली की चाहत्यांचा पहिला वाद ठरलेला: नायक चित्रातल्यासारखा दिसतो का? कोरियात तर या साम्याची टक्केवारी काढतात. अमका नट नव्वद टक्के जुळतो, तमका साठच. मला हा वाद ओळखीचा वाटतो, कारण आपल्या देशात तो ज्या माणसाच्या वाट्याला सर्वांत आधी आला, तो इथून जवळच, त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मला.

दादासाहेब फाळक्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण सिनेमाकडे वळण्याआधी ते छपाईतले माणूस होते. लोणावळ्याजवळच्या रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, पुढे स्वतःचा छापखाना काढला. रविवर्म्याची चित्रं तोवर घरोघर भिंतीवर गेली होती. लक्ष्मी कशी दिसते, सरस्वती वीणा कशी धरते, हे सामान्य माणसाच्या मनात त्या छापील चित्रांनी पक्कं करून टाकलं होतं. 3 मे 1913 रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा प्रेक्षक कोरं मन घेऊन आला नव्हता. मूळ चित्र डोक्यात ठेवूनच तो खुर्चीत बसला होता.

त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कॅमेरा घेऊन नाशिकला आले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी अण्णा साळुंके या एकाच तरुणाला राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका दिल्या. हे साळुंके मूळचे मुंबईतल्या एका उपाहारगृहात कामाला होते. आता काढा टक्केवारी! सीतेच्या पदराआडून पुरुषाचे भरलेले दंड दिसतायत आणि समोरचे लोक हात जोडतायत. तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागत, असंही सांगतात. सांगण्यात थोडी वाढ असेल, पण चित्रपट तुफान चालला हे खरं.

साम्य इतकं कमी असताना लोकांनी ती सीता स्वीकारली कशी? माझं उत्तर असं आहे, आणि आज मला मुख्यतः हेच मांडायचं आहे. चित्राकडून जिवंत माणसाकडे जाताना काहीतरी हमखास जातं. त्यामुळे किती जुळलं याचा हिशेब फारसा कामाचा नाही. जे गेलं त्याच्या बदल्यात काय दिलं, ते पाहावं. भिंतीवरचा मारुती डोंगर हातात धरून वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेला होता. फाळक्यांनी तो उडवला. त्या उड्डाणाच्या बदल्यात साळुंक्यांचे दंड प्रेक्षकांनी माफ केले.

फाळक्यांना हा व्यवहार नेमका कळला होता, याचा पुरावा म्हणजे 1919 चा 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो कथेने नव्हे. आधी या मुलीचा चेहरा जवळून दिसतो आणि ती एकामागून एक भाव दाखवते. हसणं, रुसणं, राग. हे झाल्यावर तीच मुलगी कृष्ण म्हणून समोर येते. म्हणजे दिग्दर्शक प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतो, की बाबांनो, ही माझी पोर आहे, तुमच्या भिंतीवरचा बाळकृष्ण नव्हे, आता हिच्यात तो बघा. इतका मोकळेपणा आजच्या रूपांतरकारांत मला क्वचित दिसतो. ते मूळ चित्राची केशभूषा उचलतात, कपडे उचलतात, आणि नटाला आतून काही करायला जागाच ठेवत नाहीत.

आता आपल्या मराठी चित्रकथेकडे येऊ. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 1991 च्या नोव्हेंबरमध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी चहाबरोबर आधी चिंटू आणि मग मुख्य बातमी असं वाचन केलेलं असणार. 2012 मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला, शुभंकर अत्रे चिंटू झाला, सुबोध भावे वडील, विभावरी देशपांडे आई. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, 'खजिन्याची चित्तरकथा'.

अडचण कुठे आली बघा. चिंटूची एक पट्टी म्हणजे तीन-चार चौकटी. वाचायला पंधरा सेकंद. त्यात काही घडत नाही हीच तिची गंमत. आई काहीतरी सांगते, हा उलट काहीतरी बोलतो, संपलं. उद्या पुन्हा सगळं जिथल्या तिथे. अभ्यास तसाच, शेजारच्या काकू तशाच, आणि चिंटूचं वय तेवढंच. 1991 मध्ये जी मुलं त्याच्याएवढी होती, ती 2012 मध्ये स्वतःच्या मुलांना घेऊन थिएटरात गेली, आणि हा पठ्ठ्या अजून शाळेतच! असं काळ थांबलेलं जग दोन तासांच्या चित्रपटात कसं बसवणार? चित्रपटाला सुरुवात लागते, संकट लागतं, शेवट लागतो. म्हणून मुलांचं खेळाचं मैदान जातं आणि ते परत मिळवण्याची लढाई उभी राहते. दुसऱ्या भागात तर नावातच खजिना. पट्टीतल्या चिंटूला यातल्या कशाचीच गरज नव्हती.

मला स्वतःला पहिल्या चित्रपटातली घरातली बोलाचाली आवडली, लढाईत मी तितका रमलो नाही. पण माझी तक्रार गोडबोल्यांवर नाही, ती या जातीच्या अडचणीवर आहे. दुसरीही एक गोष्ट आहे. चिंटूचा चेहरा मोजक्या रेघांचा. त्यामुळे वाचणारी प्रत्येक आई त्यात आपलं कार्टं बघायची. शुभंकर गोड मुलगा, काम छान केलं त्याने, पण तो एकच मुलगा होता. पडद्यावर एक चेहरा आला की बाकीचे हजारो चेहरे बाहेर पडतात. शब्दांतल्या नायकाचं असं होत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या पुस्तकांत चित्रं होती, पण हा बन्या फेणे जगतो तो वाक्यांत. म्हणून दूरदर्शनवर सुमीत राघवन चालला आणि 2017 च्या चित्रपटात चांगला तरुण झालेला अमेय वाघही चालला.

कोरियाच्या वेबटूनला चिंटूची अडचण नाही, कारण तिथे कथा मुळातच लांब, वर्षभर, दोन-दोन वर्षं चालणारी. तिथली अडचण वेळेची आहे, पण वेगळी. वेबटूनमध्ये दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. चित्रकार भीती दाखवण्याआधी हातभर पांढरी जागा सोडतो, आणि तुम्ही सरकवत राहता. घाबरट माणूस हळू सरकवतो, धीट भराभर. किती वेळ श्वास रोखायचा, ते वाचकाचं बोट ठरवतं. मालिकेत ते संकलक ठरवतो. वाचकाच्या हातातली ही सत्ता जाते, आणि ती परत देता येत नाही.

मग बदल्यात काय देतात? 'मिसेंग' घ्या. युन ते-हो यांचं हे वेबटून 2012-13 मधलं आणि मालिका 2014 ची. जांग ग्रे-रे नावाचा मुलगा लहानपणापासून बदुक खेळतोय. बदुक म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा तो खेळ, ज्याला जपानी लोक गो म्हणतात. व्यावसायिक खेळाडू व्हायचं त्याचं स्वप्न फसतं आणि शिक्षण नाही, अनुभव नाही अशा अवस्थेत तो एका व्यापारी कंपनीत चिकटतो. मूळ चित्रकथेची बांधणी थक्क करणारी आहे. 1989 च्या इंग चषकाचा निर्णायक डाव चो हुन-ह्यन आणि नीए वेइपिंग यांच्यात झाला होता, 145 चालींचा. चित्रकथेचे भागही 145. प्रत्येक भाग त्या डावातल्या एका चालीने उघडतो. कचेरीतली प्रत्येक खेळी पटावरच्या खेळीशेजारी ठेवलेली.

वीस भागांच्या मालिकेत हे बसणं शक्यच नव्हतं. बदुक येतं, पण निवेदनात, तोंडी लावण्यापुरतं. माझ्यासारख्या माणसाला हे नुकसान मोठं वाटतं. पण मालिकेने दिलं ते बघा. चित्रात त्याच्या वरिष्ठांचे, ओ साहेबांचे डोळे कायम लाल रंगवलेले आहेत, त्या एका खुणेवर थकवा कळतो. मालिकेत ली संग-मिन हा नट तोच थकवा खांद्यांतून, आवाजातून, जिना चढण्यातून दाखवतो. जांग ग्रे-रे झालेल्या इम शी-वानच्या अंगावरचा कोट बघितला की हा मुलगा इथला नाही हे कळतं. शिवाय फोनची घंटा, प्रिंटरचा आवाज, शेजारच्या टेबलावरची कुजबुज. कचेरीत उमेदवारी केलेल्या कुणालाही हे बघताना पोटात गोळा येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलांना या मालिकेची भाषा कळणार नाही, बाकी सगळं कळेल.

कांग फुलच्याच वेबटूनवरचा 2011 चा एक चित्रपट आहे, इंग्रजीत त्याला 'लेट ब्लॉसम' म्हणतात. पहाटे दुचाकीवरून दूध पोचवणारा तिरसट म्हातारा आणि रद्दी गोळा करणारी म्हातारी, यांचं प्रेम. कांग फुलची चित्रकला साधी, किंचित ओबडधोबडच आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. त्याच्या रेघेने काढलेली सुरकुती ही खूण असते. ली सुन-जे या ज्येष्ठ नटाच्या चेहऱ्यावरची सुरकुती त्याने सत्तर-पंचाहत्तर वर्षं कमावलेली असते. म्हातारपण रेघेपेक्षा देहाला जास्त शोभतं, असं माझं मत हा चित्रपट बघून झालं.

फसलेलं उदाहरण 'चीज इन द ट्रॅप'. सुनक्की यांची चित्रकथा अजून चालू होती, ती संपली 2017 मध्ये, आणि मालिका 2016 मध्येच उरकली. गूढ नायकाला शेवटाकडे पडद्यावरून जवळपास बाजूला सारलं, चाहते खवळले. गोष्टीचा शेवट लेखकाने मांडायच्या आत दुसऱ्याने मांडला की असं होणारच.

म्हणून कांग फुलने 'मूव्हिंग'च्या वेळी पटकथा स्वतःच लिहिली. 2015 ची चित्रकथा, 2023 ची वीस भागांची मालिका. त्यात एक मुलगा आहे, मन उचंबळलं की तो जमिनीवरून उचलला जातो. म्हणून आई त्याला भरपूर खाऊ घालते आणि तो पाठीवर जड दप्तर वागवतो. चित्रात तरंगणं फुकट असतं, दोन रेघा खाली काढल्या की झालं. ली जंग-हा या नटाने मात्र त्यासाठी खरंच वजन वाढवलं, आणि मग तारांनी उचलला गेला. त्या वाढलेल्या वजनामुळेच त्याचं तरंगणं खरं वाटतं. शिवाय लेखकाने स्वतःच्या मूळ कथेत नसलेला फ्रँक नावाचा मारेकरी घातला. दुसऱ्या कुणी घातला असता तर चाहत्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

वेळ संपत आली, आणि एक चिठ्ठी आली आहे, अक्षर शाळेतल्या मुलीचं दिसतंय: "आधी वाचावं की आधी बघावं?" चांगला प्रश्न. 'मिसेंग' आधी वाच, मिळालं तर, कारण तो 145 चालींचा पट मालिका बघून झाल्यावर नुसता अभ्यास वाटेल. 'मूव्हिंग' आधी बघ. त्या लेखकाला दुसऱ्या खेपेस काय सुचलं ते आधी कळलेलं बरं. आणि 'लेट ब्लॉसम' आजीबरोबर बघ, खालची अक्षरं तिला मोठ्याने वाचून दाखव.