अवमान कोणाचा?
(मंडळाच्या मासिक बैठकीतील भाषण)



आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत गावी एसटीनेच गेलेले. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगार संपावर गेले. मागणी होती महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. कृती समितीने लगेच तडजोड केली, पण डेपोतला कामगार हटला नाही. ३ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. संप चालूच राहिला आणि महामंडळ अवमान याचिका घेऊन न्यायालयात गेले.

आता गंमत बघा. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात 'हेतुपुरस्सर' आज्ञाभंग सिद्ध करावा लागतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण जिथे कामगार पुढाऱ्यांचेच ऐकत नाहीत, तिथे हेतू कोणाचा धरायचा? हजारोंना तुरुंगात टाकून बस चालत नाही. शेवटी ७ एप्रिल २०२२ ला न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हटले, आणि येणाऱ्यांना बडतर्फ करू नका असे महामंडळालाही सांगितले. विलीनीकरण मात्र झाले नाही. मधल्या काळात कित्येक कामगारांनी आत्महत्या केल्या, हे विसरता येत नाही.

माझा आक्षेप याचिकेला नाही. आदेश मोडला तर मालकाने कोर्टात जावे. पण मनाई हुकूम एका दिवसात मिळतो, आणि कामगाराच्या बाजूने लागलेल्या निकालाची थकबाकी वर्षानुवर्षे रखडते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात कलम ४८ आहे. औद्योगिक न्यायालयाचा आदेश न पाळल्यास तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड. ते मालकालाही लागू आहे! किती मालक आत गेलेले ऐकलेत?

इथे कुवेतमध्ये प्रश्नच वेगळा. २०१० च्या कामगार कायद्याने संघटना काढण्याचा हक्क कुवेती कामगारांना दिला, आपल्याला नाही. आपली तक्रार एकेकट्याची: आधी मनुष्यबळ प्राधिकरणाकडे, तिथे मिटले नाही तर कोर्टात.

आणि खरे सांगायचे तर आपण इंजिनिअर, अकाउंटंट मंडळी बहुधा टेबलाच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला बसतो. मीही बसलो आहे. एका कामगाराची रजेची थकबाकी कोर्टाने मंजूर केली होती. 'अपील करू, तोवर थांबवा' या शेऱ्याखाली माझीही सही होती. तो तोवर गावी परतला होता.