हाडांचा ठिसूळपणा : संप्रेरकाची सुई आणि रोगप्रतिकारक पेशी



येडगावच्या एक वृद्ध मातोश्री मणक्याच्या अस्थिभंगामुळे आमच्याकडे दाखल झाल्या होत्या. त्या पडल्या नव्हत्या. पाण्याची कळशी उचलली, एवढेच निमित्त. त्यापूर्वीही दोन मणके दबलेले क्ष-किरण चित्रात दिसले. आम्ही टेरिपॅराटाइडची रोज एक सुई सुचवली, तेव्हा सूनबाईंनी विचारले, "डॉक्टर, आत्याबाईंना दिवसातून दोनदा दिली तर लवकर गुण येणार नाही का?"

प्रश्न साधा, उत्तर देताना मात्र आम्हांला थांबावे लागले.

गळ्यातील परावटु ग्रंथींचे संप्रेरक ८४ अमिनो आम्लांचे असते. त्यांतील पहिली ३४ घेऊन हे औषध बनते. १,६३७ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. २० मायक्रोग्रॅमच्या रोजच्या मात्रेने मणक्यांचे नवे अस्थिभंग ६५ टक्क्यांनी घटले होते. परंतु हेच संप्रेरक रक्तात सतत चढलेले राहिले तर हाडे झिजतात. रोज थोडा वेळ चढून ओसरले, तरच ती भरतात. म्हणून दोनदा नाही.

असे का व्हावे, याचे श्रेय पूर्वी केवळ हाडांतील पेशींना दिले जाई. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात डॉ. रॉबर्टो पॅचिफिची यांच्या गटाने २००९ साली वेगळे चित्र मांडले. टी-पेशी नसलेल्या उंदरांत या संप्रेरकाचा गुण बराच उणावला. अस्थिमज्जेतील टी-पेशी संप्रेरकाचा निरोप घेऊन 'विंट-१०बी' हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे अस्थिजनक पेशींना चालना मिळते. पुढे २०१८ साली असे आढळले की टेरिपॅराटाइड घेणाऱ्या रुग्णांत नियामक टी-पेशींची संख्या वाढते. जंतूंशी लढणारे सैन्य हाडांच्या बांधकामावरही राबते, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

हा विषय आपल्यापासून दूरही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की, टी-पेशींतून स्रवणारे इंटरल्युकिन-३ हे द्रव्य अस्थिभक्षक पेशी घडू देत नाही. होऊ घातलेल्या पेशी दुसऱ्याच वाटेला वळतात. तेही काम उंदरांच्या पेशींवरचे.

तेव्हा देणगीदारांना स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. टी-पेशी मोजून कोणाला गुण येईल हे ठरवणारी तपासणी आज आमच्या हाती नाही आणि तसे आश्वासन आम्ही कोणास देत नाही. सुई महाग आहे. आपल्या निधीतून ती ज्यांचे मणके वारंवार मोडतात त्यांनाच द्यावी, इतरांना आठवड्याची गोळी किंवा वर्षाची एक सलाइन पुरते, असे आमचे मत आहे. एका घरात दोनदा सुई देण्याची घाई, तर दुसऱ्या घरात पैसे वाचवण्यासाठी दिवसाआड देण्याची काटकसर. दोन्ही आम्ही पाहिल्या आहेत आणि दोन्ही चुकीच्याच.

सूनबाईंना आम्ही तीन गोष्टी लिहून दिल्या. पेन फ्रीजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले औषध वापरू नये. उघडलेले पेन २८ दिवसांनी टाकून द्यावे. आणि सुयांचा काळ संपताच झीज रोखणारे औषध घेण्यास आत्याबाईंना परत आणावे, नाहीतर भरलेले हाड पुन्हा ओसरते.