दोरी ओढण्याआधी

(नंदुरबार जिल्ह्यातील बचत गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्याकडे निंदणी कोण करतं? बाया. कापूस असो, मिरची असो, पपई असो, वाकून तण काढायचं ते बाईनंच. मग पेट्रोलवर चालणारं निंदणीचं मशीन गावात येतं आणि तेच काम पुरुषाचं होतं. मजुरीही त्याच्याच खिशात जाते. 2014-15 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला शेतकऱ्यांसाठी जास्त अनुदान ठेवलं गेलं. त्यामुळे अर्जावर बाईचं नाव आलं. पण मशीनची दोरी ओढतो दीर, नाहीतर मुलगा. का? तर म्हणे, "बाईला पेट्रोल-ऑईलमधलं काय कळतं?"

तर आज तेवढंच कळून घेऊ. निंदणीचं मशीन असो, पाण्याचा पंप असो की जनरेटर, पद्धत बरीचशी एकच आहे.

आधी पेट्रोल. रॉकेलशी आपली जुनी ओळख आहे. 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांखाली किती सुनांचे मृत्यू दडपले गेले, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण पेट्रोल म्हणजे रॉकेल नव्हे. पेट घेण्याइतकी वाफ व्हायला रॉकेल निदान 38 अंशांच्या आसपास तापावं लागतं. पेट्रोलची तशी वाफ शून्याखाली 40 अंशांवरही होते. म्हणजे थंडीच्या दिवसांतही उघड्या डब्यातून ती निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. आणि आपली चूलही जमिनीलगतच असते! डबा पडवीत ठेवला म्हणजे झालं, असं समजू नका. वाफ चुलीपर्यंत पोचू शकते.

म्हणून डबा पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा हवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नको, तहानलेलं पोर ती तोंडाला लावेल. डबा राहत्या घरापासून दूर, सावलीत ठेवा. पंपावर तो भरून घेताना गाडीवर ठेवू नका, जमिनीवर ठेवा. नाहीतर घर्षणातली वीज साठून ठिणगी पडू शकते. नळी तोंडानं ओढून पेट्रोल काढायची सवय तर मोडाच. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

मशीनमध्ये पेट्रोल भरताना इंजिन बंद हवं आणि गार झालेलं हवं. काम थांबवून दहा-पंधरा मिनिटं बसा. तेवढी विश्रांती आपल्यालाही हवीच असते. उघड्यावर भरा, जवळपास विडी नको, चूल नको. पदर खोचून घ्या. टाकी काठोकाठ भरू नका, उन्हानं पेट्रोल फुगतं. सांडलं तर पुसा, वाळू द्या. झाकण लावा, डबा दूर नेऊन ठेवा आणि मशीन चार पावलं बाजूला नेऊन मगच दोरी ओढा. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतं.

आता ऑईल. इथे आधी एक गोष्ट विचारून घ्या: इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? फवारणीच्या आणि गवत कापायच्या बऱ्याच मशीनांत टू-स्ट्रोक असतं. त्यात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पुस्तिकेतल्या मापानं. नुसतं पेट्रोल घातलं की इंजिन गेलंच. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळं असतं. मशीन सपाट जागी ठेवा, कारण उतारावर माप खोटं येतं. झाकणाला जोडलेली काडी काढा, मेकॅनिक तिला डिपस्टिक म्हणतात. ती पुसून परत घाला आणि बाहेर काढून पाहा. काडी आट्यात फिरवायची की नुसती टेकवायची, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. ऑईल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला. कमी ऑईलवर चालवलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर इंजिन धूर ओकतं. नव्या मशीनचं पहिलं ऑईल लवकर बदलावं लागतं, अनेक इंजिनांत वीस तासांनीच.

यात न कळण्यासारखं काय आहे? डाळीत पाणी किती घालायचं, हे बाई नजरेनं ओळखते. 1972-73 मध्ये याच शहादा भागात श्रमिक संघटनेच्या बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. तेव्हाही 'बायांना काय कळतं' म्हणणारे होतेच.

गटाच्या पुढच्या बैठकीला मशीन अंगणात आणा. प्रत्येकीनं एकदा काडी काढून पाहायची. एक वही करा: तारीख, किती तास चाललं, पेट्रोल किती, ऑईल कधी बदललं, मजुरी किती आली. वही आणि डबा दोघींच्या ताब्यात राहील, आणि दर महिन्याला त्या दोघी बदलतील. म्हणजे 'मशीन बिघडलं' असं कुणी सांगितलं, तर खरं काय ते आपल्याच वहीत दिसेल.